विचारून गेली होती

संगक रोटीच्या भट्टीपुढं माझा नंबर लागला, रोटी हातात पडली आणि तेवढ्यात पुढचा माणूस फोनमध्ये बघत म्हणाला, "बिरजंदचं विमान रडारवरून गेलंय म्हणे." ही रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात. एखादा खडा तिला चिकटून येतो आणि तो झटकून टाकायचा असतो, तेहरानातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी झटकला नाही, मुठीत धरला. तळव्याला चांगला चटका बसला तरी मूठ उघडायचं सुचलं नाही, कारण मी वार मोजत होतो. मंगळवार. बिरजंद. साडेआठचं. म्हणजे म्हातारीच. "गेलंय म्हणजे काय, चहा प्यायला गेलंय? पडलं असणार," मागून कुणीतरी म्हणालं. भट्टीवाला लांब काठीनं पुढची रोटी ओढत म्हणाला, "आपल्याकडं तिकिटाबरोबर कफन द्यायला हवं, तेवढीच गिऱ्हाइकाची सोय." दोघंतिघं हसले. एक बाई म्हणाली, "हसताय काय, माणसं होती त्यात," आणि हसणारे लगेच गंभीर झाले, सवय आहे सगळ्यांना. मग नेहमीची जुगलबंदी सुरू झाली. बाहेरच्यांनी बंदी घातलीय, सुटे भाग मिळत नाहीत. मिळत नाहीत कसे, साहेबांच्या मोटारींना बरोबर मिळतात. तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या एकानं मला ओळखलं. "अहो, हे काय, इंजिनिअरसाहेब इथंच आहेत. यांना विचारा." सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "अजून काही कळलेलं नाही. उगाच अंदाज कशाला बांधायचे." आवाज अगदी शांत होता माझा. त्या आवाजाची मला आजही किळस येते.

आता हे इंजिनिअर प्रकरण सांगितलं पाहिजे. मी इंजिनिअर नाही. विमानांच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं मेकॅनिक होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पण या शहरात टाय लावलेला प्रत्येक जण डॉक्टर आणि पाना धरलेला प्रत्येक जण इंजिनिअर असतो. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो, मग कंटाळलो, मग खरं सांगायचं तर आवडायला लागलं. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. सहा वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरचा एक जण जिन्यात भेटला, उद्या मशहदला निघालोय म्हणाला. दुसऱ्या दिवशी बॉयलरबद्दल सगळ्यांची बैठक होती आणि त्याचं मत मला हवं होतं, म्हणून मी सहज बोललो, "परवा गेलात तर बरं." तो थांबला. त्या दिवशीच्या विमानाचं चाक मशहदला उतरताना फुटलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून मी अवलिया झालो. विमानानं निघणारा प्रत्येक जण आधी माझी घंटा वाजवणार, हा इमारतीचा रिवाजच पडला. कुणी खुरमालूची गोड फळं आणायचे, कुणी घरी केलेली बिस्किटं, आणि दारात उभं राहून विचारायचे, "साहेब, जाऊ ना?" मी कपाळाला थोड्या आठ्या घालायचो, कुठलं विमान, किती वाजताचं, असं विचारायचो आणि म्हणायचो, "जा." विमानं सहसा पडत नाहीत. जातात आणि येतात. माझी सगळी विद्या एवढ्या एका गोष्टीवर उभी होती.

पूरान खानम मात्र खुरमालू घेऊन यायची नाही. दुसऱ्या मजल्यावर राहायची, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि विचारायची ते खरंखुरं विचारायची. हे विमान किती वर्षांचं, पंखावर बर्फ साचला तर काय करतात, वैमानिकाला ते दिसतं का. मी सांगायचो आणि ती मान तिरकी करून ऐकायची. शेडमध्ये सव्वीस वर्षांत असं कुणी ऐकलं नाही. तिचा नवरा शापूर, त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. विमानाला त्याच्याइतका घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. मला विचारल्याशिवाय घरातल्या कुणी जिना उतरायचा नाही, ही ताकीद त्याची. त्या मंगळवारी तो भिंगांच्या खरेदीला इस्फहानला गेलेला होता. बिरजंदला पूरानच्या वडिलांनी अंथरूण धरलेलं, म्हणून ती निघाली. मुलीला, नऊ वर्षांच्या मान्दानाला, आमच्याकडं ठेवून. सकाळी सहाला दार वाजलं. दारात पूरान, अंगात जाड कोट, पायाशी बॅग, खाली टॅक्सी उभी. माझी बायको इफ्फत एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात पाण्याचा वाडगा घेऊन तयारच होती. पूरानला आई नाही, तेव्हा निघताना, सुखरूप परत यावी म्हणून, तिला कुराणाखालून काढायचं आणि तिच्यामागं पाणी ओतायचं काम इफ्फतनं केव्हाचंच आपलं मानलेलं होतं. पूरान कुराणाखालून वाकून गेली, पुस्तकाला ओठ लावले आणि वळून म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, शापूरनं बजावलंय, तुम्हाला विचारल्याशिवाय जायचं नाही. आज कुठलं आहे? काही ऐकलंय का तुम्ही?"

ऐकलं होतं. चारच दिवसांपूर्वी ऐकलं होतं. दर शुक्रवारी सकाळी बागेतल्या बाकावर मी आणि यदुल्ला चहा पितो. तो अजून शेडमध्ये कामाला आहे. म्हणाला, "म्हातारीची डावी पट्टी पुन्हा चिकटवली बघ. तिसरा थर." म्हातारी म्हणजे ते दोन पंख्यांचं विमान, मंगळवारी बिरजंदला जाणारं. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला रबराची पट्टी असते, तिच्यात हवा भरली की ती फुगते आणि साचलेला बर्फ तडकून पडतो. पट्टी फाटली की बदलायची, असं पुस्तकात लिहिलंय. नवी मिळत नाही, म्हणून भंगारातल्या विमानाची काढून चिकटवायची, असं आम्ही लिहिलंय, पुस्तकात नाही, कागदावर सहीच्या वर, अक्षर जरा बारीक करून. मी स्वतः अशा किती सह्या केल्या ते विचारू नका. यदुल्ला म्हणाला, "आता रबर कमी नि डिंकच जास्त आहे," आणि आम्ही दोघं हसलो. खोकला येईस्तोवर हसलो. ते हसणं मला रोज आठवतं, आणि यदुल्लालाही आठवत असणार, कारण त्या मंगळवारपासून तो बागेत फिरकलेला नाही.

तर ती दारात उभी राहून विचारत होती आणि माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आज नको, गुरुवारचं घे, ते दुसरं विमान असतं. एवढी साधी दोन वाक्यं. पण प्रवासाला निघालेल्या माणसाच्या तोंडावर, कुराणाखालून निघून झाल्यावर, मागं पाण्याचा वाडगा धरलेला असताना, अशुभ बोलायचं नसतं. माझी आजी अशा वेळी घरातल्यांना खोकूसुद्धा देत नसे. लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं असतं ते. क्षणभर वाटलं, शिंकावं. खोटी शिंक काढावी. निघताना एकच शिंक आली की थांबायचं असतं, हे आमच्यात सगळे मानतात, तीही पाचदहा मिनिटं थांबली असती, विमान चुकलं असतं कदाचित. पण जन्मभर मी शिंकेला थांबणाऱ्यांची टिंगल केलेली. आणि आत कुठंतरी हेही होतं, की नको म्हटलं तर ही बाई का म्हणून विचारणार, बाकीच्यांसारखी मान डोलावून गप्प बसणार नाही. मग सांगावं लागणार, पट्टी, डिंक, बारीक अक्षर, माझ्या सह्या. मी म्हणालो, "जा बेटा, खुदा पाठीशी आहे. वडिलांना सलाम सांग." ती हसली. "तुम्ही म्हणालात ना, मग झालं," म्हणाली. इफ्फतनं मागं पाणी ओतलं, ते जिन्याच्या दोन पायऱ्या ओघळून गेलं. मी पुन्हा पांघरुणात जाऊन झोपलो. गाढ झोपलो, हे पण लिहून ठेवायला हवं.

भट्टीवरून परत आलो तर मान्दाना आमच्या टेबलाशी बसून पनीर खात होती. हवेतल्या धुरामुळं शाळांना सुट्टी होती. टीव्ही बंद होता, म्हणजे इफ्फतला कळलेलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी रोटी टेबलावर ठेवली आणि तिनं मान्दानाला विचारलं, "गरम आहे, तोडून देऊ?" एवढंच. दुपारपर्यंत डोंगरात तुकडे दिसल्याची बातमी आली. सदुसष्ट माणसं होती, एकही वाचलं नाही. चारच्या सुमाराला शापूर इस्फहानहून आला, दुकानाची पिशवी खांद्याला तशीच. तो आधी स्वतःच्या घरात गेला नाही, माझ्या दारात आला. डोळे कोरडे, ओठ फाटलेले. म्हणाला, "साहेब, एकच सांगा. मी फोन केला तेव्हा ती विमानात बसलेली होती. विचारलंस का म्हटलं, तेवढ्यात बंद करायला सांगतायत म्हणाली आणि फोन गेला. तिनं तुम्हाला विचारलं होतं का?" इफ्फत माझ्या मागं, हातभर अंतरावर उभी. आत मान्दाना चित्र काढत होती. मी म्हणालो, "नाही, शापूर आगा. घाईत असेल बिचारी." 'बिचारी' हा शब्द मी वर घातला. खोटं बोलणाऱ्याची जीभ फार प्रेमळ असते. त्यानं मान हलवली, एकदा, दोनदा, आणि दाराच्या चौकटीवर इतक्या जोरात मूठ मारली की वरचा प्लास्टरचा कपचा पडला. "सांगितलं होतं मी तिला," म्हणाला, "शंभरदा सांगितलं होतं."

त्यानंतरचे दिवस सगळं शहर विमानांचं तज्ज्ञ झालेलं. टॅक्सीत, दवाखान्यात, भाजीवाल्याकडं, उंटावरचे शहाणे जागोजागी. कुणाचा मेव्हणा त्या विमानात चढणार होता आणि पोट बिघडलं म्हणून राहिला. असे मेव्हणे मी आठवडाभरात अकरा मोजले. कुणी म्हणालं, आता मी बसनंच जाणार, आणि बस गेल्या महिन्यात दरीत गेली तिचं काय, म्हणून दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. टीव्हीच्या कोपऱ्यात काळी फीत लागली. तिसऱ्या दिवशी एक दाढीवाला अधिकारी पडद्यावर आला आणि म्हणाला, प्राथमिक तपासात वैमानिकाची चूक दिसते. मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो. शिव्या घातल्या त्याला, बायकोसमोर घालू नयेत तसल्या. म्हणालो, मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला यांना लाज कशी वाटत नाही, तो येऊन बोलणार आहे का आता. इफ्फत सोफ्यावर बसून डाळ निवडत होती. ती म्हणाली, "हं." आणि निवडत राहिली. मी बसलो. पुढं मी टीव्ही लावलाच नाही.

सातव्या दिवशी शापूर गाडीनं बिरजंदला जाऊन आला. तिच्या भावांनी तिला तिथंच पुरलं. जे काही होतं ते पुरलं. इकडं त्याच्या घरी बायका जमल्या, हलवा झाला, काळा कपडा दारावर लागला. आणि मी जिन्यातून जाता येता ऐकत होतो. पहिल्या मजल्यावरची एक म्हणत होती, "हुशार होती हो, पण हेकट. एवढे जाणकार शेजारी असताना विचारायला काय जातं?" दुसरी म्हणाली, "गणिताच्या बाईंना कुणाला विचारायची गरज काय." आणि हलव्याचा घास तोंडात. शापूरनंच हे सगळीकडं सांगितलेलं. त्याला दोष देत नाही मी. माणसाला रडायला काहीतरी आधार लागतो, त्याला राग सापडला. तिकीट त्याच्या फोनवरून काढलेलं, तेव्हा दहाव्या दिवशी कंपनीचा संदेश त्याच्याच फोनवर आला. आपला प्रवास कसा झाला, पाचपैकी गुण द्या. तो जिन्यात मला थांबवून दाखवत होता, आणि मला वाटलं, आता हा फोन भिंतीवर फोडेल. तर तो म्हणाला, "बघा साहेब. विचारलं असतं तर आज हे बघायची वेळ आली नसती." कंपनीवर नाही, तिच्यावर. माझं मात्र बरं चाललं होतं. दिवसातून दोनदा घंटा वाजत होती. शेजारच्या इमारतीतलेसुद्धा यायला लागले. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात अर्धा किलो पिस्ते कोंबले आणि म्हणाला, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त. मी पिस्ते घेतले. नाही कसं म्हणणार.

मान्दाना शाळेतून थेट आमच्याकडं यायची, शापूर दुकान बंद करून आला की घेऊन जायचा. एका दुपारी ती भात खात होती. खालची खरपूस खापरी तिला आवडते, इफ्फत तिच्यासाठी मुद्दाम राखून ठेवते. खाता खाता म्हणाली, "काकू, आई हट्टी होती ना? बाबा म्हणतात, एक जिना चढून आली असती तर आज घरी असती." चमच्यानं खापरी तोडत होती आणि ती तुटत नव्हती. "मी तिच्याशी बोलणारच नाही आता," म्हणाली, "स्वप्नात आली तरी नाही." इफ्फतनं तिच्या ताटातली खापरी हातानं तोडून दिली, तिला पाणी दिलं, आणि मग स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन दार लोटलं. चाळीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला नाही तिनं, तेव्हाही चढवला नाही. "तुम्ही सांगणार की मी सांगू?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, सांगतो. ती म्हणाली, "आज."

संध्याकाळी शापूर आला. इफ्फतनं चहा केला आणि त्याला बसवलं. मान्दाना आतल्या खोलीत वही लिहीत होती, दार उघडं होतं. मी वाक्य पाठ केलेलं, दुपारभर तेच चाललं होतं. म्हणालो, "शापूर आगा, मी तुमच्याशी खोटं बोललो. पूरान खानमनी मला विचारलं होतं. इथं, या दारात उभं राहून विचारलं. ते विमान ठीक नाही हे मला माहीत होतं आणि मी जा म्हणालो." बोलून झालं. वाटलं, आता तो माझी कॉलर धरेल, आणि खरं सांगतो, ती धरली जाण्याची मी वाट बघत होतो. चौकटीवर मारली तशी एक मूठ मला हवी होती. शापूरनं चहाचा पेला खाली ठेवला. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याचे डोळे हळूहळू भरत गेले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, "साहेब, तुमचं मन फार मोठं आहे."

मला कळेना. तो म्हणाला, "लोक काय बोलतात तिच्याबद्दल ते तुमच्या कानावर आलं असणार. तिची अब्रू झाकायला तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय. या काळात कोण करतं कुणासाठी?" मी म्हणालो, "आगा, मी शिष्टाचार म्हणून बोलत नाहीये. यदुल्ला म्हणून माझा मित्र आहे, त्यानं सांगितलेलं. पट्टी चिकटवलेली होती, त्याला विचारा." त्यानं हात वर करून मला थांबवलं, पाहुणा तिसऱ्यांदा ताट नाकारतो तसा. "पुरे, साहेब. मला लाजवू नका. तुमच्यासारखा माणूस माहीत असून जा म्हणेल? तिला तुम्ही मुलीसारखं वागवलंत." मग मी इफ्फतकडं पाहिलं. ती उभी होती, डोक्यावरच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. म्हणाली, "खरं आहे, शापूर आगा. मी तिथंच होते. तिनं विचारलं होतं." आणि शापूर तिच्याकडं बघून हसला, रडता रडता, प्रेमानं हसला. "तुम्हीही त्यांचीच री ओढणार, खानम, ठाऊक होतं मला. खुदा अशी जोडी सगळ्यांना देवो."

कितीतरी वेळ मी बोलत राहिलो. वार सांगितला, तिच्या कोटाचा रंग सांगितला, तिनं काय विचारलं, मी काय म्हणालो, शब्दाला शब्द. जितकं सांगत गेलो तितका तो जास्त कृतज्ञ होत गेला. सव्वीस वर्षं माझ्या प्रत्येक खोट्या सहीवर लोकांनी विश्वास ठेवला, आणि आता ही एक खरी गोष्ट कुणी घेईना. शेवटी तो उठला, माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि आत बघून हाक मारली, "मान्दाना, इकडं ये." ती आली, बोटांना शाई लागलेली. सगळं ऐकलेलं होतं तिनं, चेहऱ्यावर दिसत होतं. ती माझ्याकडं बघत होती, मान जराशी तिरकी करून, आणि मला वाटलं, हिला कळलंय. नऊ वर्षांच्या पोरीला खोट्याखऱ्याचा वास मोठ्यांपेक्षा लवकर येतो. तिनं तोंड उघडलं, "बाबा, पण काका म्हणतात, आईनं..."

"काका मोठे आहेत म्हणून तसं म्हणतात," शापूर म्हणाला. "तुझी आई चुकली, ते ती चूक स्वतःवर घेतायत. अशी माणसं आता राहिली नाहीत. हाताचा मुका घे त्यांच्या."

ती पुढं आली, माझा उजवा हात दोन्ही हातांनी धरला, वाकली आणि ओठ टेकवले. मी हात मागं घेतला नाही.